कॉलेज फुटबॉल: बॉक्स स्कोअरमधल्या 54-46 वरून रन-पास समतोल ठरवता येतो का?

दुसरा_डाऊन

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला एक सामना प्ले-बाय-प्ले लिहून काढलाय. ज्या ऑफेन्सकडे बघतोय त्याचा बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) असा: 38 रन (बॉल घेऊन धावलेले प्ले), 130 यार्ड, पास 32. म्हणजे 54 टक्के रन, 46 टक्के पास, आणि रनमागे जेमतेम 3.4 यार्ड. क्वार्टरबॅक 4 वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला (28 यार्ड गेले), आणि 3 वेळा पास सोडून स्वतः धावला (24 यार्ड मिळाले).

पहिल्या डाऊनचे (10 यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला पहिला) 28 प्ले होते, त्यातले 19 मुद्दाम कॉल केलेले रन. त्यानंतर "दुसरा डाऊन, 8 यार्ड" ही अवस्था इतक्यांदा आली की ड्राइव्ह तिथेच अडकत गेले. सामना 10 गुणांनी गेला.

रन चालत नसताना तोच रेटला, ही प्ले कॉलरची चूक धरायची का? रन प्रस्थापित केल्याशिवाय प्ले-अ‍ॅक्शन (रनचं नाटक करून टाकलेला पास) चालत नाही म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे? आणि मुळात समतोल मोजायचा कशावर?

चेन_गँग

आधी हिशेब दुरुस्त करा, मग प्ले कॉलरला धारेवर धरा.

एनसीएएच्या (कॉलेज खेळांची नियामक संस्था) आकडेवारीत सॅक हा रन म्हणून मोजतात आणि गेलेले यार्ड रनच्या खात्यातून वजा होतात. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीग) तेच यार्ड संघाच्या पासिंगमधून जातात, म्हणून तिकडची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. स्क्रॅम्बलही (क्वार्टरबॅकचं पास सोडून धावणं) रनमध्येच धरला जातो. कॉल तर दोन्ही वेळा पासचाच होता.

तुमचे आकडे घेऊ. 38 मधून 4 सॅक आणि 3 स्क्रॅम्बल काढा, उरले 31 खरे रन. यार्ड: 130 मध्ये 28 परत मिळवा, 24 वजा करा, 134. म्हणजे रनमागे 4.3 यार्ड. पासचे कॉल 32 अधिक 7, म्हणजे 39. एकूण 70 प्लेपैकी रन 44 टक्के. ज्याला तुम्ही रन रेटणारा संघ म्हणताय तो प्रत्यक्षात पास जास्त कॉल करत होता. गुडघा टेकून वेळ काढलेले प्ले असतील तर तेही बाहेर काढा, तेही रनमध्येच जातात.

दुसरं, सरासरीवर फार विसंबू नका. 1, 1 आणि 12 यार्डांचे तीन रन घेतले तर सरासरी 4.7 दिसते, पण तीनपैकी दोन प्ले वाया गेलेत. कॉलेजसाठी रूढ मोजपट्टी अशी: पहिल्या डाऊनला लागणाऱ्या यार्डांचे 50 टक्के, दुसऱ्याला 70 टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण 100 टक्के मिळाले तरच प्ले यशस्वी. पहिल्या डाऊनचे 19 रन या चाळणीतून काढा. शिवाय शेवटच्या क्वार्टरमध्ये पिछाडीवर असताना टाकलेले पास वेगळे ठेवा. तिथे पास घड्याळ टाकायला लावतं, प्ले कॉलरची आवडनिवड दिसत नाही.

बॉक्समध्ये_सहा

वरचा हिशेब बरोबर आहे. पण पहिल्या डाऊनला रन किती घेतले यापेक्षा ते कशासमोर घेतले हे बघा.

एक रनिंग बॅक, एक टाइट एंड, तीन रिसीव्हर ही नेहमीची 11 पर्सोनेलची मांडणी धरू. ब्लॉक करायला पाच लाइनमन आणि टाइट एंड असे सहा जण. बॉक्समध्ये (लाइनजवळच्या पट्ट्यात) डिफेन्सचेही सहाच असतील तर प्रत्येकाला एकेक गडी मिळतो आणि रन फायद्याचा ठरतो. सात आले की एक मोकळा राहतो आणि बहुतेक वेळा तोच टॅकल करतो. त्या सातव्याचं काय करायचं, यावरच अर्धं प्ले-कॉलिंग उभं असतं.

क्वार्टरबॅक धावणारा असेल तर टोकाच्या डिफेन्सिव्ह एंडला ब्लॉकच करायचं नाही. तो रनिंग बॅकवर झेपावला तर क्वार्टरबॅक बॉल स्वतःकडे ठेवून त्याच्याच जागेतून जातो. जागेवर थांबला तर बॉल रनिंग बॅकला. एक गडी न अडवताच खेळाबाहेर गेला.

दुसरा मार्ग आरपीओ, म्हणजे रन की पास हे स्नॅपनंतर (प्ले सुरू करताना बॉल क्वार्टरबॅककडे मागे दिल्यावर) ठरतं. लाइन रनसाठीच ब्लॉक करते आणि क्वार्टरबॅक एकाच माणसाकडे बघतो, बहुधा स्लॉट (आतल्या) रिसीव्हरजवळचा लाइनबॅकर (लाइनमागचा बचावपटू) किंवा खाली उतरलेला सेफ्टी (सर्वात मागचा बचावपटू). तो रन अडवायला आत शिरला की त्याने सोडलेल्या जागेत स्लँट, म्हणजे आत तिरका जाणारा छोटा पास. कॉलेजमध्ये हे इतकं फोफावलं त्यामागे नियम आहे: पास लाइन ऑफ स्क्रिमेजच्या (प्ले सुरू होतो ती रेषा) पलीकडे जाणार असेल तरी बॉल सुटेपर्यंत लाइनमनला 3 यार्ड पुढे जाण्याची मुभा असते. एनएफएलमध्ये ती 1 यार्ड. बबल स्क्रीनसारखा लाइनच्या मागेच पकडला जाणारा पास असेल तर या मर्यादेचा प्रश्नच येत नाही.

बिघडतं कुठे? क्वार्टरबॅक दुसऱ्यांदा विचार करतो तिथे. बॉल दोन सेकंदांच्या आत सुटला नाही तर गार्ड लाइनबॅकरच्या मागे 4-5 यार्ड पुढे गेलेला असतो आणि 5 यार्डांची पेनल्टी बसते. पास प्रोटेक्शनही नसतं, त्यामुळे थांबलात की मार खाल्लात.

यातून तुमच्या टक्केवारीचं काय होतं ते बघा. आरपीओ बॉक्स स्कोअरमध्ये निकालाप्रमाणे रन किंवा पास म्हणून नोंदतात. कॉल एकच, तो कुठल्या रकान्यात पडेल हे समोरचा लाइनबॅकर ठरवतो.

जाता जाता हॅश मार्कचंही (ज्यांच्या दरम्यान बॉल ठेवून प्ले सुरू करतात त्या खुणा) बघा. मैदान 160 फूट रुंद, आणि कॉलेजचे हॅश एकमेकांपासून 40 फुटांवर (एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंच). बॉल डाव्या हॅशवर असेल तर डावीकडे 20 यार्ड आणि उजवीकडे 33 यार्डांहून थोडी जास्त जागा. तीन रिसीव्हर रुंद बाजूला लावले की डिफेन्सला तिकडे माणसं पाठवावीच लागतात, आणि अरुंद बाजूचा बॉक्स हलका होतो. पहिल्या डाऊनचे रन कुठल्या बाजूला गेले तेही लिहून ठेवा.

पुलिंग_गार्ड

समतोल एकूण बेरजेत शोधलात तर तो कुठल्याही संघात सापडेल. 50-50 चा संघही वाचायला सोपा असू शकतो: दोन टाइट एंड आले की दहातले नऊ रन, रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या डावीकडे उभा असला की रन उजवीकडे, बॅकफिल्ड रिकामं की पास. बेरीज सुरेख जुळते, पण डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला स्नॅपआधीच उत्तर माहीत असतं.

म्हणून कोचिंग स्टाफ दर आठवड्याला प्रतिस्पर्ध्याइतकाच स्वतःच्या संघाचाही अभ्यास करतो. मागचे तीन-चार सामने घ्यायचे आणि प्रत्येक प्लेला डाऊन, अंतर, पर्सोनेल, फॉर्मेशन, मोशन, हॅश आणि मैदानाचा टप्पा लावून चाळायचं. एखाद्या फॉर्मेशनमधून 75-80 टक्के एकच गोष्ट होत असेल तर त्याच फॉर्मेशनमधून, त्याच मोशनसह, उलटा प्ले तयार करायचा. पण नमुना लहान असतो हे विसरू नका. चार सामन्यांत "दुसरा डाऊन, 3 यार्डांच्या आत" पंधरा-वीस वेळाच येतो. तिथले 70 टक्के म्हणजे दोन-तीन प्ले इकडचे तिकडे. आणि तिसरा डाऊन, 11 यार्ड असताना 90 टक्के पास असतील तर ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये. तिथे लपवण्यासारखं काही नसतंच.

फॉर्मेशनखेरीज शरीरंही बोलतात. रनच्या वेळी गार्डच्या बोटांवर भार येऊन नखं पांढरी पडतात, पासच्या वेळी तो मागे रेलतो. हे कुठल्याही आकडेवारीत येत नाही, पण समोरचा डिफेन्सिव्ह टॅकल ते बरोबर हेरतो.

प्ले-अ‍ॅक्शनबद्दल: रन प्रस्थापित करावा लागतो ही समजूत बरीच सैल आहे. एनएफएलच्या आकड्यांवर झालेल्या विश्लेषणांत आधी किती रन झाले आणि प्ले-अ‍ॅक्शन किती फळला, यांचा म्हणावा असा संबंध दिसलेला नाही. कारण साधं आहे. लाइनबॅकर मागच्या क्वार्टरमधल्या सरासरीला भुलत नाही, तो समोरच्या गार्डची पहिली पावलं वाचतो. गार्ड रनसारखा खाली वाकून पुढे आला किंवा पुल करत आडवा निघाला, तर लाइनबॅकर शिकवल्याप्रमाणे पुढे पाऊल टाकतोच. नेमकी इथेच चूक होते: लाइनमन प्रोटेक्शनसाठी लगेच उभे राहतात, क्वार्टरबॅक बॉल न दाखवताच हात फिरवतो, आणि मग सगळे म्हणतात की रन चालत नव्हता म्हणून फसलं. परिस्थिती मात्र रनला शोभणारी हवी. तिसरा डाऊन, 12 यार्ड असताना हँडऑफचं नाटक करून क्वार्टरबॅकने फक्त पाठ फिरवायची जोखीम घेतलेली असते.

दुसरा_डाऊन

चाळणीतून काढले. पहिल्या डाऊनच्या 19 रनपैकी 7 मध्ये 5 किंवा जास्त यार्ड. सगळे 11 पर्सोनेलमधून. बॉक्समध्ये सहा असताना 7 रन, त्यात 5 यशस्वी. सात असताना 12 रन, त्यात फक्त 2.

पण मग मिशिगनने 2023 मध्ये पेन स्टेटविरुद्ध सलग रनच रेटले ते कसं बसवायचं? आणि आर्मी (अमेरिकी लष्करी अकादमीचा संघ) तर समोर कितीही माणसं आली तरी धावतच राहते.

चेन_गँग

मिशिगनच्या त्या सामन्यात (11 नोव्हेंबर 2023, 24-15) सलग 32 रन होते आणि उत्तरार्धात अधिकृत पास शून्य. एक टाकला होता, पण त्यावर पास इंटरफिअरन्सची पेनल्टी लागल्याने तो मोजला गेला नाही. मध्यंतराला 14-9 अशी आघाडी होती, समोर तगडे एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणारे) होते आणि स्वतःचा डिफेन्स भरवशाचा होता. अशा वेळी सॅक आणि इंटरसेप्शन टाळण्याची किंमत दोन-चार पंटपेक्षा (लाथेने बॉल समोरच्यांना देऊन टाकणं) जास्त असते. त्याच मोसमापासून फर्स्ट डाऊन मिळाल्यावर घड्याळ थांबणंही बंद झालं (दोन्ही अर्धांची शेवटची दोन मिनिटं सोडून), म्हणजे आघाडीवरच्या संघाला रन आणखी स्वस्त पडला.

आर्मीचं गणितच निराळं. ते चौथा डाऊन खेळायचा असं धरून चालतात. चार डाऊनमध्ये 10 यार्ड, म्हणजे डाऊनमागे अडीच पुरतात. 2018 मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध त्यांनी सुमारे 45 मिनिटं बॉल स्वतःकडे ठेवला आणि सामना ओव्हरटाइममध्ये 28-21 असा गमावला. त्यांचा ट्रिपल ऑप्शन डिफेन्सच्या दोघांना न अडवता वाचतो, त्यामुळे "सातवा माणूस" तिथे तसा उरत नाही. दुखणं सुरू होतं ते पेनल्टीने, पहिल्या डाऊनलाच 15 यार्ड लागू लागले की.

दुसऱ्या टोकाला कोच माइक लीच. त्यांच्या एअर रेडमध्ये पासांचा पाऊस असायचा, पण समतोल म्हणजे बॉल सगळ्या स्किल पोझिशनपर्यंत पोचणं, असं ते मानत.

बॉक्समध्ये_सहा

12 पैकी 2, इथेच तुमचा सामना अडकलाय. आता त्या बारांमध्ये आरपीओ किती होते ते बघा. रिसीव्हरने स्नॅपला रूट पळायला सुरुवात केली का आणि क्वार्टरबॅकची नजर कुठे होती, यावरून ओळखू येतं. आरपीओ असूनही बॉल दिला असेल तर चूक वाचणाऱ्याची. निव्वळ रन असेल तर प्रश्न असा की क्वार्टरबॅकला तो बदलायची मुभा होती का. 2024 पासून एफबीएसमध्ये (कॉलेज फुटबॉलची सर्वोच्च श्रेणी) हेल्मेटमधून कोचचा आवाज येतो, पण प्ले क्लॉकवर 15 सेकंद उरले की बंद होतो. त्यानंतर डिफेन्स हलला तर क्वार्टरबॅककडे दुसरा प्ले तयार हवा.

मोजताना एक काळजी घ्या. बॉक्सचा आकडा बॉल स्नॅप होतो त्या क्षणाच्या फ्रेमवरून लिहा. ऑफेन्स रांगेत उभा राहताना दोन्ही सेफ्टी 12 यार्ड मागे दिसतात आणि त्यातला एक शेवटच्या दोन सेकंदांत खाली येतो. तुमच्या त्या सहाच्या 7 रनमधले एक-दोन कदाचित सातचे निघतील.