मदत हवी आहे: कोकरांना मिथिओनिन (प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल) द्यायचं का?

मंडळी, जत भागात माडग्याळ मेंढ्या आहेत माझ्याकडं, २२ कोकरं दूध तोडून दोन महिने झाले, बंदिस्तच ठेवलीत. मका भरडा, सरकी पेंड, कडबा आणि तुरीचं भुसकट चालू आहे. खातात चांगली पण वजन म्हणावं तसं धरत नाहीत, जंताचं औषध पण देऊन झालं.

खाद्यवाला म्हणतो कोंबड्यांची मिथिओनिन पावडर भरड्यात मिसळा. पण मेंढीचं तसं नसतं ना, कोटीपोटातले (पोटाचा पहिला मोठा कप्पा) जिवाणू साधी पावडर बरीचशी तिथंच फोडून टाकतात, आतड्यापर्यंत थोडीच पोचते, म्हणून लेप दिलेलं बायपासवालं घ्यावं लागतं असं मला माहितीय. आणि तेच जिवाणू पुढं पचून मेंढीला प्रोटीन मिळतं, मग आधी त्यांनाच नीट खायला घालायचं का, म्हणजे पेंडीच्या जोडीला मका वाढवायचा? पण मका एकदम वाढवला की अ‍ॅसिडिटी होऊन कोकरू हातचं जातं, मागच्या वर्षी एक गेलं, अजून मनाला लागतंय.

बायपास मिथिओनिन कुणी कोकरांना दिलंय का, किती दिलं, वजनात फरक पडला का? कुणी पशुवैद्यक असतील तर प्लीज सांगा, बुधवारी खाद्य भरायचंय.