म्हणे "तुळशीइतकं सोपं"!

मधुरा_मिसिसागा
परवा इथे एकाने बाल्कनीतल्या गांज्याचे फोटो टाकून लिहिलं, "तुळस लावण्याइतकं सोपं आहे, नवख्यानेही डोळे मिटून लावावं." वाचून डोकं सणकलं. मी डोळे उघडे ठेवून लावला होता, तरी तोंडावर आपटले.

मागच्या वर्षी व्हिक्टोरिया डे (इथली मे महिन्यातली सुट्टी) उलटल्यावर चार रोपं लावली. कॅनडात आमच्या ओंटारिओ प्रांतात कायद्याने दर घरामागे चारच. नवऱ्याची चार, माझी चार असा हिशोब चालत नाही. पहिलं मी पाणी घालून मारलं. रोज चहाआधी तांब्याभर. पानं पिवळी पडली तर "उपाशी असेल" म्हणून वर खत. उपटलं तेव्हा मुळं तपकिरी, बोटाने चोळली की साल सुटून हातात. दुसरं नर निघालं, म्हणजे बिनकामाचं. पेरापाशी बारीक गोट्यांचे घोस दिसले, मी "कळ्या आल्या" म्हणून फोटो काढत बसले. तोवर पराग उडून तिसऱ्यात बियाच बिया. चौथं दृष्ट लागावी असं वाढलं. सप्टेंबरअखेर दव पडायला लागलं आणि बाहेरून हिरवागार तुरा चिमटीत धरला तर आत राखेसारखी बुरशी. चार महिने राबून पदरात शून्य. तुळस असं करत नाही.

बाल्कनीवाला_बंड्या
तो लिहिणारा मीच. ताई, फुकटचं बी लावलंत तर नर निघणारच. परवानाधारक दुकानातून मादी झाडं देणारं बी घ्यायचं. आणि कुंडी उचलून बघायची, हलकी लागली तरच पाणी. माझी चारातली दोन व्यवस्थित पिकली.

मधुरा_मिसिसागा
चारातली दोन! हे डोळे मिटून? परवा का नाही लिहिलंत?

सदाशिवपेठी_स्कारबरोत
मुद्दा वेगळाच आहे. तुळशीशी तुलना करायची हिंमत होते कशी? आमच्याकडे अजून वृंदावनाला पाणी घातल्याशिवाय चहा नाही.

बाल्कनीवाला_बंड्या
स्कारबरोच्या जानेवारीत कुठलं वृंदावन, काका?

सदाशिवपेठी_स्कारबरोत
हॉलमध्ये आहे. दिव्याखाली. येऊन बघ.

चौथा_मजला
आमच्या वरच्या मजल्यावर असलाच एक हौशी आहे. ऑगस्टमध्ये खिडकी उघडायची सोय नाही, स्कंक (तो घाण वास सोडणारा प्राणी) मेल्यासारखा वास. कायद्याने चार झाडं चालत असली तरी भाडेकरारात, बिल्डिंगच्या नियमांत मनाई असू शकते, हे कुणी वाचतच नाही. हाच माणूस माझ्या पार्किंगमध्ये पाहुण्यांच्या गाड्या लावतो. दोनदा चिठ्ठी ठेवली. दोनदा!

मॉन्ट्रियलकर
आमच्याकडे या. क्युबेकमध्ये घरी एकही झाड चालत नाही, 2023 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी उचलून धरली. पार्किंगचं मात्र इथेही तेच.

वकील_नाही_पण
भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी भारताच्या 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं पहिलंच कलम वाचा. तो भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. आणि कलम 20 खाली लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

बाल्कनीवाला_बंड्या
बाल्कनीतल्या कुंडीपायी मुंबई विमानतळावर कुणाला धरलेलं पाहिलंय का तुम्ही?

वकील_नाही_पण
नाही. पण कुंडीचे फोटो स्वतःच चव्हाट्यावर टाकणाराही तुझ्याआधी पाहिला नव्हता.

वऱ्हाडी_विनिपेग
मागं ओंटारिओत होतो तेव्हाची गोष्ट. सासूबाई अकोल्याहून आल्या. तिसऱ्या दिवशी आफिसातून आलो तं मायबाई सोफ्यावर सूप घेऊन पानं निवडत बसलेली. "जावईबापू, अंबाडी लावली अन् सांगतलं नाही?" माह्या दोन झाडांचा पार खराटा! एक पान चावून पाह्यलं न् थुंकलं, "ना आंबट, ना काही. कानडाची अंबाडी बेकार."

लातूरची_लेक
😂 पण अंबाडी ओळखू येऊ नये? अंबाडीचं पान एकच असतं, कात्रीने बोटं कापल्यासारखं. गांज्याच्या पात्या देठाशी सुट्या. आणि अंबाडीच्या खोडाला बारीक काटे लागतात हाताला.

वऱ्हाडी_विनिपेग
बाई, सासूबाई सत्तरीच्या, चष्मा बॅगेत. अन् 2014 मध्ये अमेरिकेत जॉर्जियाच्या पोलिसांनी हेलिकॉप्टरातून पाहून भेंडीवर धाड घातली होती. त्यांना तं चष्मा होता.

लातूरची_लेक
बरं, मान्य. भेंडीपेक्षा अंबाडी बरी. पण भाजी ज्वारीच्या कण्या घालूनच, वरून लसणाची फोडणी.

सदाशिवपेठी_स्कारबरोत
आणि गुळाचा खडा.

लातूरची_लेक
गूळ?? अंबाडीत??

वऱ्हाडी_विनिपेग
काका, गांज्यापेक्षा मोठा गुन्हा केला तुम्ही.

सदाशिवपेठी_स्कारबरोत
पिढ्यान्पिढ्या घालतोय. तुम्हाला आंबटाने दात आंबवून घ्यायचे असतील तर घ्या.

रात्रपाळी_नर्स
हसणं झालं असेल तर ऐका. इमर्जन्सीत काम करते. तीन वर्षांचं पोर, हाक मारली तरी डोळे उघडत नव्हतं. आईबाप शपथेवर सांगत होते, घरात काही नाही. शेवटी बापाला आठवलं, फ्रीजमध्ये गांज्याची गमी, म्हणजे जेलीची गोळी, होती.

बाल्कनीवाला_बंड्या
ती गमी झाली, झाड नव्हे.

रात्रपाळी_नर्स
झाडाचं वाळवून ठेवतोस कुठे?

बाल्कनीवाला_बंड्या
...किचनमध्ये, वरच्या कपाटात. ठीक आहे, कुलूप लावतो. आणि मधुराताई, "डोळे मिटून" काढून टाकलंय. "तुळशीइतकं" तसंच राहील.

मधुरा_मिसिसागा
फार उपकार झाले. यंदा मी कोथिंबीर लावलीये, तीही धड येत नाही.

लातूरची_लेक
अंबाडीचं बी कुणाकडे आहे का? इथे दुकानात गोंगुरा मिळतो, तो लाल अंबाडीचा. मला हिरवी हवी.

वऱ्हाडी_विनिपेग
सासूबाई मे महिन्यात येऊन राहिल्या. पाकिटावर ठळक नाव लिहून आणाले सांगतो.