पंचवार्षिक योजना गेल्या, आता कोकणाचा लांबचा विचार करायचा कुणी?

देवगडचा बागायतदार :
बारावी पंचवार्षिक योजना २०१७ला संपली, तेरावी आलीच नाही. नीती आयोग सल्ला देतो, पण जुन्या नियोजन आयोगासारखा राज्यांना निधी वाटत नाही. आता सगळीकडे स्वातंत्र्याच्या शंभरीची, २०४७ची भाषा. पण ठरावीक मुदतीची योजनाच नाही, हे मला चुकीचं वाटतं. १९९०ला रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तेव्हा वडिलांनी कातळात खड्डे मारले, बाहेरून माती आणून भरली नि हापूसची कलमं लावली. पहिली काही वर्षं हातात दमडी नव्हती. आज त्याच कलमांवर घर चालतंय. शेतकऱ्याला एवढा धीर धरायला लावायचा, तर सरकारनेही तेवढा लांबचा शब्द द्यायला हवा.

चिपळूणकर :
लांबचा विचार म्हणता, मग कोयना बघा. साठच्या दशकापासून वीज तयार होते नि तेच पाणी वाशिष्ठीतून खाडीला जातं. पाऊस तीन हजार मिलिमीटर, तरी आमच्या वरच्या वाडीत एप्रिल उजाडला की टँकर. आई हंडे रांगेत लावून उन्हात बसते. योजना करणाऱ्यांनी विजेचा हिशेब केला, हंड्याचा नाही. आणि कोकण रेल्वे? पिढ्यान्‌पिढ्या मागणी होती. १९९०ला वेगळं महामंडळ काढलं, रोखे विकून पैसा उभा केला, १९९८ला गाडी धावली. काम एका माणसाच्या गळ्यात घातलं की होतं.

देवगडचा बागायतदार :
रेल्वेचं मान्य. पण केंद्र आणि चार राज्यांनी भागभांडवल घातलं, तेव्हाच रोख्यांना किंमत आली ना? आणि कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, वाडीवर चढवायचं काम एका निवडणुकीच्या मुदतीत होणारं नाही. तुमचा हंडाच माझ्या बाजूने बोलतोय.

गुहागरची सून :
दोघंही पाणी नि पैसा बोलताय, माणसांचं काय? आमच्या वाडीत चौदा घरं, नऊंना कुलूप. शाळेत पोरं सहा. गावाचा विकास आराखडा ठरवायची ग्रामसभा होती, कोरमच भरला नाही. सही करायला म्हातारी माणसं तेवढी आलेली. नळयोजना नि शाळा कुणासाठी मागायची, हे जाणारी पोरंच सांगू शकतील. मी सरपंचांना सांगून आलेय, पुढची सभा गणपतीत लावा, पाचव्या दिवसाच्या आत. तेव्हा सगळी कुलपं उघडलेली असतात.