सान सिरो पाडायला काढलंय. उद्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची वेळ आली तर?

पेठेतला
इटलीतल्या मिलान शहरातलं सान सिरो फुटबॉल मैदान आता जाणार, मंडळी. 30 सप्टेंबर 2025 च्या पहाटे तिथल्या नगरसेवकांनी 24 विरुद्ध 20 मतांनी विक्रीला होकार दिला. नोव्हेंबरात 19.7 कोटी युरोला मैदान आणि भोवतालची जागा एसी मिलान आणि इंटर या तिथल्याच दोन क्लबांच्या नावावर झालीसुद्धा. शेजारी 71,500 लोकांचं नवं बांधायचं, जुन्याचा एक तुकडा ठेवायचा, बाकी पाडायचं असा बेत आहे.

1926 साली हे मैदान एसी मिलानचे अध्यक्ष पिएरो पिरेल्ली (टायरवाल्या घराण्यातले) यांनी उभं केलं आणि उद्‌घाटनालाच इंटरनं त्यांना 6-3 नं लोळवलं. 1947 पासून दोन्ही हाडवैरी एकाच छताखाली. आपले पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस हे फुटबॉल संघ एकाच शाहू स्टेडियमवर भिडतात, तसंच की. मला हे पाडणं अजिबात पटत नाही. 1955 ला दुसरा मजला चढवला, 1990 च्या विश्वचषकाला तिसरा. तोही जुन्याला हात न लावता, बाहेरून 11 गोल मनोरे उभे करून. तेव्हा जमलं, मग आता काय धाड भरली?

सिव्हिलवाला
पेठेतले, त्या तिसऱ्या मजल्यानंच घोळ केला. वर छत आल्यावर ऊन-वारा तुटला आणि तिथलं गवत पुढं कित्येक वर्षं रडत होतं. शिवाय डागडुजीच्या कामाचं नक्की सांगता येईना म्हणून युएफानं (युरोपच्या फुटबॉल संघटनेनं) 2027 ची चॅम्पियन्स लीग फायनल तिथून काढून घेतली. क्लबांनी काय फक्त आठवणी कुरवाळत बसायचं? मैदान स्वतःचं नसलं की बॉक्स, दुकानं, कार्यक्रम यांचं उत्पन्न दुसऱ्याच्या खिशात. इटलीतल्याच युव्हेंटस क्लबनं 2011 ला स्वतःचं बांधलं, तेव्हाच या दोघांचे डोळे उघडायला हवे होते.

हलगीवाला
ह्यातली खरी मेख कुणी सांगंना. इटलीत सार्वजनिक मालकीच्या इमारतीला 70 वर्षं झाली की वारसा म्हणून संरक्षण लागू होतं. दुसऱ्या मजल्याची सत्तरी 10 नोव्हेंबर 2025 ला भरत होती. विक्रीची सही कधी झाली? 5 नोव्हेंबरला! पाच दिवस आधी! आता म्हणा, गवताची काळजी होती म्हणून.

सिव्हिलवाला
तारीख गाठली हे खरं. पण कागदाची घाई झाली म्हणून जुन्या बांधकामातली अडचण खोटी ठरत नाही, हलगीवाले.

रावणेश्वरकर
इटली राहू दे बाजूला. आपलं शाहू स्टेडियम आहे तिथं पूर्वी रावणेश्वर तलाव होता, हे किती पोरांना माहीत आहे? तळं बुजवून मैदान झालं तेव्हाही कुणाला तरी हळहळ वाटलीच असणार. आज त्याच मैदानासाठी आपण जीव टाकतोय. म्हणजे गावानं जागेचं रूप बदललं म्हणून गाव मेलं नाही. दुपारी दोनच्या मॅचला एप्रिलात गॅलरीत बसून बघा, पायरी कशी भाजते ते. सावली द्या, बसायला नीट जागा द्या, आयाबायांना निवांत येता येईल असं करा. याला विरोध कशाला?

पेठेतला
काका, सावलीला कोण नको म्हणतंय? माझी भीती वेगळी आहे. नवं बांधलं की खर्च वसूल करायला तिकीट वाढतं, मग जो पोरगा आज तालमीचा झेंडा घेऊन येतो तो बाहेर आणि पासवाले आत. लंडनचं हायबरी मैदान आठवा. आर्सेनल क्लब 2006 ला तिथनं उठला, दोन स्टँडांच्या भिंती राखून आत फ्लॅट काढले. मैदानाची झाली बाग. भिंत राहिली, मॅच गेली.

सिव्हिलवाला
आणि 8 ऑगस्ट 2024 ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा अख्खं कोल्हापूर काय म्हणालं? “होतं तसंच उभं करा.” नवं काम म्हणजे जुनं पुसणं असंच नसतं, हे तुमच्याच गावानं दाखवलंय.

हलगीवाला
ते जळालं होतं, भावा. उभ्या इमारतीला हातोडा लावायचा आणि जळालेली पुन्हा उभारायची, ह्यात फरक आहे का नाही? आणि नाट्यगृहाला कुणी टॉवर काढा म्हणालं नव्हतं.

केएसएप्रेमी
मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतंय, पण क्रम चुकतोय. आपल्या अनिकेत जाधवनं 2017 ला 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताची जर्सी घातली. पुढचा अनिकेत गॅलरीतून नाही, गवतातून निघणार. आधी मैदानाखालचा निचरा करा, तळ्याची जागा आहे ती. मग खेळाडूंच्या खोल्या, मग सावली. शोभेची काचेची दर्शनी भिंत सगळ्यात शेवटी. आणि दुकानगाळे वाढवून पैसा काढायची टूम कुणी काढली, तर मी पण हलगीवाल्याच्या बाजूला.

रावणेश्वरकर
निचऱ्याचं बरोबर बोललास. पण काम चालू असताना सीझन कुठं खेळायचा ते सांग. गांधी मैदान म्हणू नकोस, पाऊस पडला की तिथं काय होतं ते माहीत आहे.

हलगीवाला
काम दोन पावसाळ्यांत अर्धं-अर्धं करा. सीझन बंद ठेवा म्हटलं तर पहिली सही विरोधात माझी.