आठवड्याचा किराणा: दोन आठवडे जमतं, तिसऱ्याला गाडी घसरते

वहीवाली

नमस्कार मंडळी. घरात आम्ही पाच जण. आम्ही दोघं, सासूबाई, दहावीतला मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. किराणा, भाजी, दूध, अंडी सगळं धरून आठवड्याला अमुक इतकंच खर्चायचं असं ठरवलंय. पगार महिन्याचा, त्यातल्या किराण्याच्या रकमेचे सरळ चार भाग केले. वही मीच लिहिते, पावत्या टाचून ठेवते, त्यामुळे कुठे उधळपट्टी चाललीय असंही नाही.

तरी दर वेळी तेच. पहिले दोन आठवडे छान जातात, चार पैसे उरतातसुद्धा. तिसऱ्यात तेलाचा डबा, तांदूळ आणि कपड्यांची पावडर एकदमच संपतात आणि त्या एका फेरीत जवळजवळ दीड आठवड्याचे पैसे जातात. मग चौथ्यात भाजी-फळांना कात्री. फळं नसली की मुलगा बिस्किटांचा डबा रिकामा करतो, आणि बिस्किटं पुढच्या यादीत डबल. नवऱ्याचं म्हणणं, आठवड्याचा नाद सोड, महिन्याचं एकदम भरू. पण भाजी आणि दूध महिन्याचं कसं भरायचं?

माझा आकडाच कमी आहे का, की मांडणी चुकतेय? मिळकतीच्या किती टक्के यावर जावेत असा काही ठोकताळा असतो का? ॲप सुचवू नका प्लीज, वही सोडणार नाही.

निवांत

सोपं आहे. आठवड्याचे पैसे रोख काढून पाकिटात ठेवायचे. पाकीट संपलं की खरेदी बंद. कार्ड घरी.

वहीवाली

@निवांत, तिसऱ्या आठवड्यात पाकीट सोमवारीच संपेल, त्याचं काय? तेलाशिवाय मंगळवारी फोडणी कशी घालू :)

जुना भांडारी

वहीवाली ताई, मी बरीच वर्षं एका वसतिगृहाच्या मेसचं भांडार सांभाळलंय, त्या सवयीने सांगतो. तुमचा आकडा कमी आहे का, हे तुमच्या वहीवरून कळणारच नाही. ती खरेदीची वही आहे. तेलाचा डबा ज्या दिवशी घरात आला त्याच दिवशी पूर्ण खर्ची पडला, असं ती सांगते. प्रत्यक्षात तो पाच-सहा आठवडे पुरतो.

भांडारात आम्ही नुसत्या बिलांवरून मेसचा खर्च कधी काढला नाही. आरंभीची शिल्लक, अधिक आलेला माल, वजा अखेरची शिल्लक. उरतो तो खप. खर्च म्हणजे खप. ज्या महिन्यात तांदळाची गाडी यायची त्या महिन्यात बिलं डोंगराएवढी असायची, पण पोरं काही दुप्पट जेवत नव्हती. घराचं गणित यापेक्षा वेगळं नाही, फक्त पोती लहान.

तुम्हाला रोज वजनकाटा घेऊन बसायला सांगत नाहीये. एवढंच करा, टिकाऊ मालातली कुठलीही वस्तू फोडली की झाकणावर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तारीख टाका. संपली की ती तारीख आणि संपल्याची तारीख वहीत. दोन खेपा झाल्या की ती वस्तू किती आठवडे जाते ते तुम्हाला पाठ होईल.

मग हिशोब असा. आठवड्याची तुमची रक्कम १०० धरा. तेलाचा डबा ४८ ला आला आणि ६ आठवडे पुरला, तर आठवड्याला ८. तांदूळ ६० चे आणि पुरले १० आठवडे, तर ६. कडधान्यं, पीठ, साखर, चहा, मसाले यांचं असंच करत गेलात आणि सगळं मिळून समजा ३० आलं, तर दर आठवड्याला ३० बाजूला काढायचे. त्या आठवड्यात काही आणायचं असो वा नसो. उरलेले ७० भाजी, दूध, अंडी, फळांचे. तेल आलं की पैसे त्या बाजूच्या गल्ल्यातून जातील, भाजीच्या पैशाला धक्का लागणार नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत तुम्हाला जे उरल्यासारखं वाटतं ना, ते उरलेलं नाही. ते तेलाचे पैसे आहेत. ते चीज नाहीतर आइस्क्रीममध्ये जात असणार, तपासा.

दुसरं, महिन्याचे चार भाग करू नका. बारा चोक अठ्ठेचाळीस, आणि वर्षाचे आठवडे ५२. चार आठवडे तुम्ही धरलेलेच नाहीत. वर्षातून किमान चार महिने पाच शनिवारांचे येतात, त्यांची सोय कुठून होणार? महिन्याच्या रकमेला १२ ने गुणा आणि ५२ ने भागा. आज १०० वाटतायत ते साधारण ९२ निघतील. आकडा बघून वाईट वाटेल, पण तो खरा आहे.

तराजू

भांडारी काका, जोरदार. यात एक जोडतो. दर पाहताना पाकिटाची किंमत न बघता किलोचा किंवा लिटरचा दर बघा. पाकीट तेच, रंग तेच आणि आत १ किलोऐवजी ९०० ग्रॅम हा प्रकार सर्रास चालतो. किंमत तीच राहिली तरी दर ११ टक्क्यांनी वाढलेला असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. वहीत किमतीशेजारी वजन लिहायची सवय असेल तर लगेच सापडतं.

तेलाबाबत तर विशेष. एक पाकीट लिटरवर, शेजारचं किलोवर. लोक सरळ किंमत ताडून बघतात. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं, एका लिटरचं वजन साधारण ९१०-९२० ग्रॅम भरतं. म्हणजे ५ लिटरचा डबा हा ५ किलोचा डबा नव्हे, साडेचार किलोच्या जरा वर. डब्यात भिजलेली कडधान्यं घेत असाल तर पाण्यासकटचं वजन बघू नका, निथळलेलं वजन बघा. कोरडी घेऊन घरी भिजवली-शिजवली तर वजन दुपटीच्या वर जातं, हेही ध्यानात धरा.

आणि शक्य तिथे मोठं पाकीट घ्या, हे सांगायला नकोच.

जुना भांडारी

@तराजू, शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. मोठं पाकीट २० टक्के स्वस्त पडलं आणि त्यातला पाचवा हिस्सा जाळ्या लागून, खवट होऊन किंवा नुसता कंटाळा येऊन फेकला, की हातात काय? शंभराचा माल ८० ला घेतला आणि खाल्लाही ८० चाच. फायदा शून्य, वर सांभाळायची कटकट. तेल, साखर, मीठ, तांदूळ यांत मोठं घ्या. मसाल्यांची पूड, सुकामेवा, कोंड्यासकटचं पीठ यांत नको. त्यातली तेलं हवेने खराब होतात, वास जातो. आणि घरात जास्त दिसलं की हात सैल सुटतो, हे मी मेसमध्ये रोज पाहिलंय. साखरेचं पोतं नवीन फोडलं की चहा आपोआप गोड व्हायचा.

चुलीपुढचा बाबा

आमच्या घरी स्वयंपाक माझ्याकडे, म्हणून कचऱ्याचा डबाही माझ्याच नजरेखालून जातो. वहीवाली, तुमच्या वहीत फेकलेल्या मालाचा रकाना आहे का? नसेल तर करा. एक महिना पुरे.

हे फक्त आपल्या घरातलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये जो अहवाल काढला त्यात २०२२ सालचा हिशोब आहे: जगात वाया गेलेलं अन्न १०५ कोटी टन, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांमधून. हॉटेलं आणि दुकानं मिळूनही आपल्यापेक्षा मागेच.

माझा अनुभव, सगळ्यात जास्त जाते पालेभाजी. ती ज्या हौसेने आणली जाते त्या हौसेने निवडली जात नाही. म्हणून यादी लिहायच्या आधी मी फ्रिज उघडतो, खालचा कप्पा बाहेर ओढतो आणि आहे त्यावर पुढच्या दोन दिवसांचा स्वयंपाक ठरवतो. त्यानंतर यादी. उलटं केलं की जुनी जुडी तळाला आणि नवी वर, हे ठरलेलं. पिकलेली केळी आणि सफरचंदं पालेभाजीच्या कप्प्यात ठेवू नका, त्यांच्यातून इथिलीन वायू सुटतो आणि पानं लवकर पिवळी पडतात. फ्रिज ४-५ अंशांवर आहे का तेही बघा. दारातल्या कप्प्यात सगळ्यात कमी गारवा असतो, आणि आपण दूध नेमकं तिथेच ठेवतो.

तारखांचंही तेच. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ ही चवीची, कुरकुरीतपणाची तारीख असते. ती उलटली म्हणून बंद पाकिटातला कोरडा माल फेकायची घाई नको, उघडा, वास घ्या, ठरवा. पण ‘या तारखेच्या आत वापरा’ असं मांसमच्छी किंवा तसल्याच नाशवंत मालावर असेल तर मात्र वास-बीस घेत बसू नका. तिथे काटकसर दवाखान्यात महाग पडते.

शिकवणीवाल्या बाई

टक्क्यांचा प्रश्न राहिला, त्यावर थोडं. एर्न्स्ट एंगेल नावाचा सॅक्सनीतला संख्याशास्त्रज्ञ होता, त्याने १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं की मिळकत वाढते तसा तिच्यातला अन्नाचा हिस्सा कमी होतो. रक्कम वाढू शकते, हिस्सा घटतो. तेव्हा दुसऱ्या कुणी ‘आम्ही इतके टक्के धरतो’ म्हटलं तर आधी त्याची मिळकत विचारावी लागेल, आणि ती कुणी सांगत नाही.

माणसांच्या संख्येचाही फरक पडतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आहारखर्चाच्या तक्त्यांत माणशी खर्च चौघांच्या घरासाठी दिलेला असतो. एकट्या माणसासाठी त्यात २० टक्के वाढवायला सांगतात, दोघांसाठी १० टक्के, आणि पाच-सहा जणांच्या घरासाठी ५ टक्के कमी करायला. त्यामुळे सासूबाई दोन महिने लेकीकडे गेल्या म्हणून खर्च बरोब्बर एक पंचमांशाने उतरेल, अशी अपेक्षा ठेवू नका. शिवाय दहावीतला मुलगा घरात आहे, तो एकटा दोन माणसांचा धरा.

वहीवाली

किती छान उत्तरं! काल लेकीला हाताशी घेऊन सगळी कपाटं उघडली. तिने झाकणांवर पट्ट्या चिकटवल्या, तारखा मी टाकल्या. आता सासूबाई प्रत्येक डबा उचलून बघतात आणि विचारतात, ‘ही कोणाची जन्मतारीख?’

भांडारी काका, दोन शंका. बाजूचा गल्ला आज रिकामा आहे आणि तेल पुढच्या आठवड्यात संपणार. सुरुवात कशी करू? आणि कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण हे किराण्यातच धरायचं का? पावती एकच असते.

निवांत

साबण खाल्ला जात नाही, त्यामुळे नाही :)

जुना भांडारी

साबण धरा, पण ओळ वेगळी. पावतीवर पेनाने त्या वस्तूंवर खूण करायची आणि त्यांची बेरीज निराळी लिहायची, मिनिटभराचं काम आहे. एकत्र ठेवलंत तर जेवण महागलं की धुणं, हे कधीच उमगणार नाही. पैसे मात्र त्याच बाजूच्या गल्ल्यातले, कारण साबणही टिकाऊ माल. तो ३० चा आकडा त्याला धरून काढा.

सुरुवातीला डबा आणूच नका. एक लिटरचं पाकीट आणा. दर जरा जास्त पडेल, पडू दे. मधल्या काळात गल्ल्यात पैसे जमतील आणि दुसरं म्हणजे तेल, तांदूळ, पावडर यांच्या संपायच्या तारखा एकमेकींपासून सुटतील. तिघं एकाच आठवड्यात येतात हाच तर तुमचा जाच आहे. तांदळाचंही असंच, एकदा अर्धीच पिशवी. सहा-सात आठवडे हे असं ओढूनताणून चालेल, पुढे डबा घ्या.

आणि कुठलीही वस्तू पूर्ण संपेपर्यंत थांबू नका. शेवटचं पाकीट फोडलं की त्याच दिवशी यादीत. म्हणजे दर बरा मिळेल तिथे घ्यायला सवड राहते, अडलं म्हणून कोपऱ्यावरून महाग आणावं लागत नाही.

वहीवाली

आणि भाव वाढले तर? तो ३० चा आकडा दर महिन्याला बदलायचा?

जुना भांडारी

दर महिन्याला नको, वैताग येईल. वस्तू आणली की तिचाच आकडा नवा करा. ४८ चा डबा ५४ ला आला तर तेलाचे ८ चे ९ झाले, ३० चे ३१. तो वाढलेला १ भाजीच्या ७० मधून गेला, म्हणजे ते ६९ राहिले. हे वहीत समोरासमोर लिहा. असा एक-एक करत भाजीचा आकडा ६५ च्या खाली सरकायला लागला की मग मिस्टरांना वही दाखवायची आणि मूळ रकमेबद्दल बोलायचं. तेव्हा कुठली वस्तू कितीने वाढली हे तारखेसकट पुढ्यात असेल.