'रूरिटेनियन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. त्यात एका चिमुकल्या देशातल्या राजकारणाला 'रूरिटेनियन' म्हटलंय. 'आटपाट नगरातलं राजकारण' चालेल का?

उत्तर : मोह होतो खरा, पण आटपाट नगराला पत्ता नसतो. श्रावणातल्या कहाणीत राजाचं साल कुणी विचारत नाही. रूरिटेनियाला मात्र आगगाडी जाते! हा काल्पनिक देश अँथनी होपच्या 'द प्रिझनर ऑफ झेंडा' (१८९४) या इंग्रजी कादंबरीतला. नायक रासेनडिल लंडनहून पॅरिसला, तिथून ड्रेस्डेनला, मग सरहद्द ओलांडून झेंडा नावाच्या गावी उतरतो. का, तर राज्याभिषेकामुळे राजधानीतली हॉटेलं भरलेली, आणि झेंडा पन्नास मैल अलीकडे. सगळी स्टेशनं खरी, शेवटची तेवढी खोटी. गंमत आहे ती त्यातच.

नावही तसंच बेतलेलं. लॅटिनमध्ये 'रूर' म्हणजे खेडं, रान, शेपूट लुसिटेनिया या जुन्या रोमन प्रांताच्या नावासारखं. होप (खरं आडनाव हॉकिन्स) पेशाने बॅरिस्टर. नोव्हेंबर १८९३ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या कोर्टात खटला जिंकून चालत परतताना त्याला ही गोष्ट सुचली आणि महिन्याभरात कच्चा खर्डा तयार झाला. पुढे कायद्याच्या पुस्तकांतही उदाहरणापुरता देश हवा असला की रूरिटेनियाच घेऊ लागले. तिथे आपण सरळ 'अमुक देश' म्हणावं.

प्रश्न : त्याच लेखात रासेनडिलचाही उल्लेख आहे. त्याला 'तोतया' लिहिलंय मी.

उत्तर : इथे मी अडेन. तोतया म्हटलं की आपल्याला भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे 'मीच भाऊ' म्हणणाऱ्याने १७७६ मध्ये बंड माजवलं. तोतयाला दुसऱ्याचं नाव लावून स्वतःचं साधायचं असतं. रासेनडिलचं उलटं. सावत्र भावाने दारूतून गुंगीचं औषध दिल्यामुळे राजा बेशुद्ध पडलेला, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा रासेनडिल मुकुट घालून उभा राहतो. आणि पुढे भावाच्या कैदेत पडलेला राजा सुटल्यावर गादी परत करतो, फ्लाविया राजकन्येवर जीव जडलेला असूनही. परीक्षेला दुसऱ्याच्या नावावर बसणारा 'डमी' अर्थाने जास्त जवळचा, पण मुकुटधारी माणसाला डमी म्हणवत नाही. मी 'राजाचं सोंग घेतलेला रासेनडिल' असं लिहीन. काळ्या मायकेलला, म्हणजे त्या सावत्र भावाला, मात्र तो तोतयाच वाटणार. शब्द त्याच्या तोंडी असेल तर खुशाल ठेवा.

प्रश्न : सोंग पटलं. पण 'रूरिटेनियन' राहिलंच की!

उत्तर : 'संस्थानी' लावून पाहा. छोटी गादी, मोठा दरबारी थाट, भाऊबंदकी, दिवाणाची खलबतं, सगळं त्या एका शब्दात येतं. शिवाय आपल्या संस्थानांतही आगगाडी होतीच. 'संस्थानी कारस्थानं' कानालाही बरं लागतं. फक्त लेखातला देश खरा असेल तर तिथल्या वाचकाला राग येईल एवढी खोच 'रूरिटेनियन'मध्ये असते, ती 'संस्थानी'त जरा बोथट होते. तेवढ्यासाठी त्याच्या आधी 'नाटकी' जोडा.