चल रे भोपळ्या आणि घरातले बाकीचे उद्योग (अनुभव धागा)

मेथीची जुडी
काल मंडईत भाजीवाल्या मावशी लाल भोपळ्याची फोड करत होत्या. सुरी मध्येच अडकली. शेजारी आईचा हात धरून उभी असलेली एक चिमुरडी जोरात ओरडली, "हळू, आत म्हातारी आहे!" मावशींनी खरंच सुरी बाजूला ठेवली आणि भोपळ्यावर टकटक करून विचारलं, "आजी, आहात का?" तिथेच उभ्या उभ्या मला २०२० चा पावसाळा आठवला.

लेक तेव्हा साडेतीनचा. नर्सरी मोबाईलवर. बाईंचा चेहरा दिसला की हा टेबलाखाली. शेवटी ते बंद केलं आणि घरात म्हातारीची गोष्ट मांडली. स्वयंपाकघर म्हणजे लेकीचं घर, पॅसेज म्हणजे जंगल. दाराआड पेपर घेऊन सासरे, म्हणजे कोल्हा. दिवाणावर नवरा, म्हणजे वाघ (अंगावर पट्ट्यांचा टॉवेल). डोक्यावरून माझी ओढणी घेऊन म्हातारी निघायची. आधी कोल्हा, मग वाघ. परत येताना आधी वाघ, मग कोल्हा. हे उलटं येतं हे त्याला पहिल्यांदा कळलं तेव्हा तो एवढा खूश झाला की दिवसभर घरातल्या सगळ्या वस्तू सुलट-उलट लावत बसला.

मग खरा भोपळा आणला. बादलीत टाकला तर तरंगला, आणि रुपयाचं नाणं टाकलं तर बुडालं. एवढा मोठा वर आणि एवढंसं खाली, हे काही त्याला पटेना. मग घरभर काय तरंगतं, काय बुडतं. (माझं मंगळसूत्र वेळेत काढून घेतलं.) उतारावर सोडला तर लाल भोपळा सरळ गडगडत नाही, चपटा असतो, लडबडत एका अंगावर पडतो. मुलगा म्हणाला, हा टुणुक टुणुक कुठे करतोय? मी गप्प. थोड्या वेळाने त्यानेच उत्तर शोधलं, "आत म्हातारी असते ना, ती आतून उड्या मारते."

तुम्ही घरी लहानग्यांबरोबर गोष्टींवरून काय काय केलंत? चालेल ते लिहा, फसलेलंही.

अनुआई
आतून उड्या मारते!! 😂😂 हसून हसून दूध उतू गेलं इकडे

पाटीपेन्सिल
मस्त धागा. आमच्याकडे चिऊ-काऊ. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. एक साधी गोष्ट सांगते, पसारा नाही. कागदावर मेणखडूने चिऊचं घर काढायचं, शेजारी फळ्याच्या खडूने काऊचं. मग ब्रशने पाणी फिरवायचं, "पाऊस आला मोठा". काऊचं घर पुसून जातं, चिऊचं तसंच राहतं. पाण्यात जरा निळा रंग घातला तर आणखी छान, मेणावर रंग बसत नाही, घर पांढऱ्या रेघांनी उठून दिसतं (त्यासाठी पांढरा मेणखडू घ्या). लेकीने रडून गोंधळ घातला, काऊला का भिजवलं म्हणून. नंतर तिने काऊलाही मेणाचं घर काढून दिलं. म्हणजे गोष्टच संपली की हो.

करवीरकर
शेणाचं घर पावसात वाहून जातं हे ज्यानं लिहिलं त्यानं शेण बघितलेलं नाही. आमच्यात वाळलेली शेणी बादलीत टाकून बघितली पुतण्याला दाखवायला. संध्याकाळपर्यंत शेणी तशीच. कडा जरा सुटल्या. पोरगं म्हणतंय काका काऊचं घर पक्कं आहे, चिऊ खोटं बोलती

पाटीपेन्सिल
@करवीरकर ओलं शेण वाहतं हो. काऊने घाईत ओल्यात बांधलं असणार, वाळू दिलं नसेल :)

करवीरकर
ठेकेदार आमच्या गावचा दिसतोय

सदाशिव_पेठी
शेण कुठून आणायचं शहरात? आम्ही ऑनलाइन गोवऱ्या मागवल्या. छान खोक्यात, बबल रॅपमध्ये. आईला फोनवर किंमत सांगितली तर ती बराच वेळ काही बोललीच नाही

कोकणची_पोर
गोष्ट नाही पण भोपळ्यावरून आठवलं. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधायचे. दुधीच्या जातीचा, पूर्ण वाळवलेला, आतून पोकळ. आबांनी मला असंच ढकललं होतं. म्हणजे भोपळा तरंगतो हे मला नर्सरीच्या वयात कळलं होतं, फार जवळून.

तानपुरा
@कोकणची_पोर त्याच सुक्या भोपळ्याचे तंबोरे होतात आमच्या मिरजेत. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. भाच्याला कारागिरांच्या गल्लीत नेलं होतं, तिथे भोपळ्यांची रास लागलेली. तो प्रत्येकाला कान लावून फिरला. का ते सांगायला नको.

अनुआई
@तानपुरा अय्यो किती गोड. विषय सोडून विचारते, मिरजेत राहायला बरं हॉटेल कुठलं? दर्ग्याजवळ नको, आवाज असतो

तानपुरा
विपु (विचारपुशीत निरोप) करतो

रात्रपाळी
मी बाबा. आमचं काम रात्रीचं. लाइट घालवून टॉर्च, भिंतीवर सावल्या. हाताचा कोल्हा, पुठ्ठ्याचा वाघ. वाघ टॉर्चजवळ आणला की मोठा, भिंतीजवळ नेला की लहान. मुलीला वाघाची भीती वाटायची, मग टॉर्च तिच्याच हातात दिला. तीच वाघ छोटा करते आता, अगदी उंदराएवढा, आणि म्हणते "जा घरी". आई म्हणते झोपवायला नेता की जागवायला.

हिरवा_चुडा
चिऊताई चिऊताई दार उघड. थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब अंग पुसते, थांब पावडर लावते, थांब तीट लावते. आमची अंघोळ या एका गोष्टीवर चालते. पोरगं अंघोळीला यायचंच नाही, आता बाहेर काऊ (म्हणजे आजोबा) दार वाजवतो आणि आत हे एकेक काम सांगतं. शेवटी कपडे घालून दार उघडायचं. काय आधी काय नंतर हे न शिकवता पाठ झालं.

फक्त एक. बाथरूमची आतली कडी काढून टाका. आमच्या काऊला एकदा खरंच बाहेर ठेवलं होतं आणि चिऊलाही. बाळ एकटं आत, कडी लावलेली, आणि आतून उत्तर "थांब, तीट लावते". सुतार येईपर्यंत तीट चालू होती.

अनुआई
बापरे!! मग?

हिरवा_चुडा
सुतार येताच स्वतः उघडलं. म्हणे काऊचा आवाज वेगळा होता म्हणून उघडलं

दूर_देशी
न्यू जर्सीहून. इकडे ऑक्टोबरमध्ये दारोदार भोपळे, डोळे-दात कोरलेले. मुलाला तोवर आजीने व्हिडिओ कॉलवर टुणुक टुणुक सांगून ठेवलं होतं. तो प्रत्येक घराबाहेरच्या भोपळ्यात डोकावून "आजी?" करत होता. शेजारच्या आजीबाई खरंच बाहेर आल्या. दोघेही दचकले.
त्या आजींना गोष्ट सांगितली तर त्यांनी नातवंडांसाठी लिहून मागितली. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होईन" इंग्रजीत काही केल्या गोड होत नाही, शेवटी मराठीतच घोकून घेतलं त्यांनी.

शोनार_सून
माझ्या सासरी (बंगाली) हीच गोष्ट आहे! म्हातारी नातीकडे जाते, लाल भोपळ्याऐवजी लाउ म्हणजे दुधी, आणि "लाउ गड गड". वाटेत कोल्हा, वाघ, अस्वल. शेवटी तिचे कुत्रे येऊन सोडवतात. आमच्या घरी पोरगी सकाळी आज्जीची टुणुक टुणुक आणि दुपारी ठाकुमाची गड गड ऐकते. तिच्या मते या दोन मैत्रिणी आहेत आणि एकमेकींच्या घरी राहायला जातात. मग दोन बाहुल्या, दोन भोपळे, आणि मधोमध नागपूर स्टेशन, कारण आमची गाडी तिथे थांबते.

मेथीची जुडी
@शोनार_सून नागपूर स्टेशन 😄 हे फार आवडलं. तिकडे कुत्रे सोडवतात का? आमच्या आजीची म्हातारी जरा डेंजर होती. भोपळा फुटल्यावर लाल तिखट फेकायची वाघाच्या डोळ्यांत.

सदाशिव_पेठी
आमच्यात भोपळा फुटतच नाही. थेट घरी. संपली गोष्ट, झोपा.

निवृत्त_बाई
पालघर जिल्ह्यात बालवाडीत काम केलं, म्हणून थोडं लिहिते. हे सगळं तुम्ही घरी करताय ते फार जुनं आणि आपल्याच मातीतलं आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ ला ते कोसबाडला गेलं, सोबत अनुताई वाघ. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. साहित्य काय, तर बिया, पानं, शंखशिंपले, खडे. विकतचं काही नाही. मी भोपळ्याच्या बिया वापरायचे, चार वाट्या मांडून: मोठ्या, लहान, फुटक्या, आणि "माहीत नाही". ही चौथी वाटी नक्की ठेवा. मुलं सगळ्यात जास्त वेळ त्या वाटीपाशी भांडतात, आणि ते भांडण ऐकण्यासारखं असतं.

हिरवा_चुडा
बाई 🙏 चौथी वाटी आजच

ओटा_आणि_ऑफिस
बियांवरून सगळ्यांना हात जोडून सांगते, तीन वर्षांच्या मुलांना बी देऊन उठू नका. आमच्या शूरवीराने नाकात घातली. शिंक आणायला तपकीर द्या, मान उलटी करा, असे सल्ले देणारे शेजारी जमले. आम्ही काही न करता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी चिमट्यासारख्या हत्याराने काढली. घरी काडी घालून काढायला जाऊ नका, आणखी आत सरकते. हरभरा वगैरे तर फुगतो सुद्धा.
शूरवीर परत येताना रिक्षावाल्या काकांना म्हणाला, माझ्या नाकात भोपळा उगवणार होता.

खिडकीतली_बाग
बी नाकाऐवजी कुंडीत घाला :) आठवड्याभरात उगवते, मोठी दोन पानं, मुलांना रोज फरक दिसतो. आमच्या बाल्कनीत वेल ग्रिलवर चढली, पिवळी फुलं ढीगभर, भोपळा एकही नाही. मुलगी रोज विचारते म्हातारी केव्हा येणार.

करवीरकर
@खिडकीतली_बाग पहिली फुलं नर असत्यात. मादी फुलाच्या मागं छोटा भोपळा असतोय, ते आलं की सकाळी लवकर नर फूल तोडून त्याच्यावर फिरवा. बाल्कनीत मधमाशी येत नाही नीट. आणि जास्तीच्या नर फुलांची भजी करा

खिडकीतली_बाग
अरे वा, आज बघते. भजी बेसनात की तांदळाच्या पिठात?

करवीरकर
बेसनात. ओवा घाला

परखड_प्रौढा
मला कोणी मारू नका. पण गोष्टीला गोष्ट राहू द्या की थोडी. माझ्या सुनेच्या फोनवर रोज नवीन वर्कशीट येतं, "भोपळा रंगवा, भोपळे मोजा, भ ला वर्तुळ करा". नातू आता मी गोष्ट काढली की विचारतो "मग काय करायचं?" काही नाही रे बाबा, ऐक. आमच्या वेळी म्हातारी रोज रात्री लेकीकडे जायची आणि कोणी तिच्याकडून काही मोजून घेतलं नाही.

पाटीपेन्सिल
@परखड_प्रौढा पटलं. वर्कशीटला मीही वैतागते. पण बादली-टॉर्च-बिया हे मुलं स्वतः मागतात हो.

निवृत्त_बाई
परखडताई बरोबर बोलतात. माझा नियम असा होता: आधी गोष्ट नुसती, बरेच दिवस. मुलं मध्येच वाक्य पूर्ण करू लागली, "म्हातारी कोतारी मला नाही माहीत" आपल्या आधी म्हणू लागली, की मगच वस्तू काढायच्या. त्याआधी भोपळा दिला तर तो भाजीचाच राहतो. आणि मूल गोष्ट बदलायला लागलं तर दुरुस्त करू नये.

परखड_प्रौढा
हं. बाई, हे मान्य. नातवाची म्हातारी हल्ली मेट्रोने जाते आणि वाघाकडे तिकीट नसतं.

रात्रपाळी
😂 वाघ विनातिकीट

मेथीची जुडी
आमच्या पोराला हा धागा वाचून दाखवला. आता चौथीत आहे. ऐकून म्हणतो, मी असं काही केलेलं नाही, तू बनवून सांगतेस. सासऱ्यांनी लगेच आतून कोल्ह्याचा आवाज काढून दाखवला. मग लाजला.

दूर_देशी
कोणीतरी घारग्यांचं प्रमाण द्या ना प्लीज. कालच्या भोपळ्याचे केले, कडक झाले पापडासारखे

ओटा_आणि_ऑफिस
@दूर_देशी कोरायचे भोपळे पाणचट असतात, त्याचे नको. तिकडे बटरनट मिळतो, त्याचे छान होतात. किसून गुळात शिजवायचा, गूळ विरघळला की बंद, गार झाल्यावर मावेल तेवढीच कणीक आणि थोडा रवा. पाणी अजिबात नाही. मीठ चिमूटभर. जाडसर थापायचे, पातळ लाटले की कडक होतात.

कोकणची_पोर
आमच्यात तांदळाचं पीठ घालतात कणकेऐवजी. आणि खसखस वरून.

दूर_देशी
गूळ किती पण? एक वाटी किसाला?

ओटा_आणि_ऑफिस
पाऊण. भोपळा गोड असेल तर अर्धी. थांब, बेल वाजली, आल्यावर सांगते तळायचं